युरियाचा दाणा आणि धावपट्टीवरचा बर्फ

फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवला की पाणी एकदम गार पडते, हे बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात कोणाला सांगावे लागत नाही. ढवळणाऱ्याची बोटे बधिर होतात आणि दमट दिवस असेल तर बादलीला बाहेरून दव धरते. विरघळताना युरिया भोवतालची उष्णता ओढून घेतो, एवढेच त्याचे कारण. आता हाच पांढरा दाणा थंड मुलखातल्या विमानतळांवर, धावपट्टीवरचा बर्फ घालवण्यासाठी, काही दशके टनावारी टाकला जात होता असे सांगितले तर ऐकणारा आधी हसतो. गार करणारी वस्तू बर्फ कसा वितळवील?

उत्तर आपल्याकडच्या लग्नांत मिळते. पॉट आईस्क्रीम करताना लाकडी बादलीत बर्फाचे तुकडे आणि खडेमीठ यांचे थर देतात. मिठाने बर्फ वितळतो, पण वितळता वितळता बादलीतले मिश्रण शून्याच्या खूप खाली जाते आणि मधल्या भांड्यातले दूध गोठते. पाण्यात काहीही विरघळले की त्याचे कण पाण्याच्या रेणूंना स्फटिकात नीट रचू देत नाहीत. म्हणून गोठण्यासाठी पाण्याला आणखी थंड व्हावे लागते. इथे महत्त्व कणांच्या संख्येला आहे. मीठ विरघळले की त्याचे दोन कण होतात, सोडियम आणि क्लोराइड. युरिया विरघळला तरी एकसंध राहतो. दोघांचे रेणूभार जवळपास सारखे असल्यामुळे किलोला किलो धरले तर मीठ युरियाच्या जवळजवळ दुप्पट काम करते. मिठाचे द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते, युरियाचे सुमारे उणे १२ पर्यंत. व्यवहारात तर त्याच्या बरेच अलीकडे युरियाचे काम मंदावते.

मग स्वस्त आणि दुप्पट कामाचे मीठ सोडून विमानतळांनी युरिया का धरला? हा इतिहास मी गेली काही वर्षे जमेल तसा गोळा करत आलो आहे. तो लिहायला नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठी बसलेला माणूस कशाला हवा, असे कोणी विचारील. बारामतीला विमानतळ आहे, पण त्याच्या धावपट्टीवर बर्फ पडायचा नाही. तरीही या गोष्टीतला जवळजवळ प्रत्येक पदार्थ आपल्या ओळखीचा आहे: युरिया, मीठ, अल्कोहोल, मळी, पोटॅश. आणि त्या पदार्थांनी पुढे जमिनीचे आणि पाण्याचे जे केले, तेही आपल्याला नवे नाही.

रस्त्यांपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यांवर सर्रास मीठ टाकण्याचे धोरण स्वीकारले. त्याआधी वाळू टाकत, फावड्याने बर्फ ओढत. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि 'रस्ता काळा दिसलाच पाहिजे' अशी लोकांची अपेक्षा झाली, तसा मिठाचा वापर वर्षावर्षाने चढत गेला. मोटारीचा पत्रा गंजला तर मालक कुरकुरतो आणि नवा पत्रा मारून घेतो. विमानाचे तसे नाही. विमानाचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे, चाकांचे खांब पोलादाचे, काही भाग मॅग्नेशियमचे. चाकांनी उडवलेले मिठाचे पाणी सांध्यासांध्यांत जाऊन बसते आणि क्लोराइड तिथे आतून पोखरत राहते. म्हणून मीठ धावपट्टीवर जवळजवळ निषिद्धच ठरले. धावपट्टीसाठी नांगराची पाती, मोठे फिरते झाडू, वाळू आणि मनुष्यबळ हीच साधने कितीतरी काळ होती. विमाने हलकी होती, हवा वाईट असेल तर उड्डाण रद्द करायला कोणाला फारशी लाज वाटत नव्हती, तोवर तेवढे पुरले.

ते पुरत नाही हे ज्या घटनेने दाखवले, तिची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. कारण तिच्यात धावपट्टीचा दोष ओळखायला माणसांना अकरा वर्षे लागली.

६ फेब्रुवारी १९५८. ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ॲम्बॅसिडर जातीचे विमान बेलग्रेडहून इंग्लंडला परतताना इंधन भरण्यासाठी म्युनिकला उतरले होते. विमानात मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल संघ, त्याचे अधिकारी आणि वार्ताहर मिळून ४४ माणसे होती. बर्फ भुरभुरत होता. डाव्या इंजिनाच्या दाबात चढउतार दिसला म्हणून वैमानिकांनी दोनदा धावपट्टीवरून माघार घेतली. तिसऱ्या वेळी विमान धावत सुटले. वेगाचा काटा ११७ नॉटपर्यंत गेला, म्हणजे जिथून आता थांबणे शक्य नाही अशा टप्प्यावर. आणि तिथे काटा वर जाण्याऐवजी खाली उतरला. आधी ११२, मग १०५. विमान धावपट्टी संपवून कुंपण तोडून एका घरावर आदळले. एकंदर २३ माणसे दगावली, त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. सहवैमानिक केनेथ रेमंट काही आठवड्यांनी रुग्णालयात वारला. कप्तान जेम्स थेन वाचला.

पश्चिम जर्मन चौकशीने निष्कर्ष काढला की विमानाच्या पंखांवर बर्फ साचला होता आणि कप्तानाने तो काढून घेतला नाही. अपघातानंतर काही तासांनी पंखांवर बर्फ दिसला होता, हा पुरावा. आता बर्फ पडत असताना उघड्यावर पडलेल्या पंखांवर काही तासांनी बर्फ दिसणार नाही तर काय दिसेल? पण विमानतळाचा दोष मानायचा तर तो यजमान देशाच्या माथी येतो, आणि वैमानिकाचा मानायचा तर एका माणसाच्या. थेनची नोकरी गेली. त्याचे म्हणणे पहिल्यापासून एकच होते: धावपट्टीच्या टोकाकडच्या भागात, जिथे इतर विमानांची चाके फारशी फिरली नव्हती, तिथे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल होता आणि त्याने चाके धरून ठेवली.

या चिखलाला इंग्रजीत 'स्लश' म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. उसाच्या शेतातून ओल असताना ट्रॅक्टर काढायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला मात्र त्याची कल्पना लगेच येईल. अर्धा इंच जाडीचा थरही वेगाने धावणाऱ्या चाकांना अडवू शकतो आणि जितका वेग जास्त तितका अडथळा जास्त, हे साठच्या दशकात ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत केलेल्या चाचण्यांनी आकड्यांत दाखवले. त्या आधारे ब्रिटिश सरकारने पुन्हा चौकशी नेमली आणि १९६९ साली तिने सांगितले की दोष थेनचा नव्हता, कारण धावपट्टीवरचा चिखल होता. जर्मन बाजूने आपला निष्कर्ष मागे घेतला नाही. थेन १९७५ साली वारला.

या अपघातानंतर आणि त्याच काळात आलेल्या जेट विमानांमुळे 'धावपट्टीवर काय आहे' हा प्रश्न हवामानाचा न राहता विमानतळाच्या जबाबदारीचा झाला. जेट विमाने जड, वेगवान, उतरताना लांब अंतर घेणारी. आणि त्यांची वेळापत्रके घट्ट. नांगर फिरवून उरलेला पातळ, काचेसारखा थर यंत्राने निघत नाही. तो सोडवायला काहीतरी रसायन हवे, आणि ते धातूला खाणारे नको. इथे युरिया पुढे आला.

युरियाचा इतिहास सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो. १८२८ साली व्होलरने तो प्रयोगशाळेत बनवला. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून कारखान्यात बनवण्याची पद्धत १९२० च्या दशकात जर्मनीत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर खतासाठी त्याचे कारखाने जगभर उभे राहिले. आपल्याकडे तुर्भ्याच्या कारखान्यातून तो १९६५ च्या सुमारास निघू लागला. म्हणजे विमानतळांना जेव्हा धातूला न खाणारे रसायन हवे होते, तेव्हा शेतकऱ्यासाठी बनवलेले एक रसायन मुबलक आणि स्वस्त उपलब्ध होते. दाणेदार असल्यामुळे ते खतासारखेच फेकता येत होते. काही ठिकाणी ते ग्लायकॉलमध्ये विरघळवून फवारत. आपल्या शेतात हंगाम बघून टाकायचा युरिया तिकडे हवामान खात्याचा अंदाज बघून टाकला जाऊ लागला.

तो गेला कुठे? हाच प्रश्न फार उशिरा विचारला गेला. उसाच्या सरीत टाकलेल्या युरियाचा निदान काही भाग मुळे घेतात. धावपट्टीला मुळे नसतात. वितळलेल्या पाण्याबरोबर सगळाच्या सगळा युरिया गटारांतून ओढ्यात जातो. तिथे त्याचा अमोनिया होतो. अमोनिया माशांना विषारी आहे. जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. हिशेब सोपा आहे. युरियात ४६ टक्के नत्र. एक ग्रॅम अमोनियारूपी नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एक किलो युरियामागे दोन किलोहून थोडा अधिक. थंड, स्वच्छ पाण्यात लिटरला बारा मिलिग्रॅम प्राणवायू धरला, तर एका किलो युरियाने पावणेदोन लाख लिटर पाण्यातला प्राणवायू संपू शकतो. आपल्या ४५ किलोच्या गोणीचा हिशेब वाचकांनी करून पाहावा.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मे २०१२ मध्ये विमानतळांसाठी नियम काढला. धावपट्टीवर युरिया वापरत नसल्याचे दरवर्षी लिहून द्या, नाहीतर बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया लिटरला १४.७ मिलिग्रॅमच्या आत आहे हे मोजून दाखवा, असा त्याचा आशय. मोठ्या विमानतळांनी बहुधा पहिला मार्ग घेतला. कित्येकांनी तर त्याच्या आधीच युरिया सोडला होता.

युरियाच्या जागी आले ते सेंद्रिय आम्लांचे क्षार: ॲसिटेट आणि फॉर्मेट. ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार. यांतले पहिले मोठे संशोधन रस्त्यांसाठी झाले. मिठाने पूल गंजू लागले, विहिरी खारट होऊ लागल्या, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने पर्याय शोधायला लावला आणि त्यातून कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट पुढे आले. डोलोमाइटचा चुना आणि ॲसिटिक आम्ल यांपासून ते बनते. ते निवडण्यामागे एक कारण असे होते की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जमिनीचा पोत बिघडवत नाहीत. पण ते मिठाच्या कितीतरी पट महाग आणि कडाक्याच्या थंडीत संथ. धावपट्टीला वेग हवा. म्हणून नव्वदच्या दशकात विमानतळांनी पोटॅशियम ॲसिटेटचे द्रावण धरले, जे निम्म्याला निम्मे पाणी घालूनही उणे ६० अंशांपर्यंत गोठत नाही. दाणेदार रूपात सोडियम ॲसिटेट आणि सोडियम फॉर्मेट. उत्तर युरोपात पोटॅशियम फॉर्मेट.

प्राणवायूच्या हिशेबात ही सगळी युरियापेक्षा सौम्य. एक किलो पोटॅशियम ॲसिटेट पूर्ण कुजायला साधारण ६५० ग्रॅम प्राणवायू लागतो, पोटॅशियम फॉर्मेटला २०० ग्रॅमच्या आत. (विमानाच्या अंगावर फवारतात ते प्रोपिलिन ग्लायकॉल मात्र किलोला १ किलो ७०० ग्रॅमच्या घरात जाते. हेच ग्लायकॉल आपल्याकडे व्यालेल्या गायीला किटोसिस झाला की डॉक्टर पाजायला देतात, आणि दूध संघांच्या शीतकरण यंत्रांतही ते फिरत असते. विमानाचे अंग आणि धावपट्टी यांची रसायने वेगळी असतात, हे वर्तमानपत्रे नेहमी विसरतात.)

पण सौम्य म्हणून घेतलेल्या क्षारांनी दुसरीकडे डोके वर काढले. आधुनिक विमानांचे ब्रेक कार्बनचे असतात. तापलेल्या कार्बनवर पोटॅशियम बसले की त्याचे ज्वलन कितीतरी कमी तापमानाला सुरू होते आणि ब्रेकच्या चकत्या वेळेआधी मऊ पडून झिजतात. दोन हजारनंतरच्या दशकात विमान कंपन्यांना हे जाणवले आणि सुरक्षा यंत्रणांना सूचना काढाव्या लागल्या. त्याच सुमारास काँक्रीटच्या धावपट्ट्यांवर जाळीसारखे तडे लवकर दिसू लागले. काँक्रीटमधल्या काही जातीच्या खडीची अल्कलीशी प्रतिक्रिया होऊन खडी फुगते, हा जुना रोग. ॲसिटेट-फॉर्मेटनी त्याला गती दिली असे संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. ओढ्यातले मासे वाचवायला आणलेले औषध ब्रेकला आणि काँक्रीटला लागले. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असे मला वाटत नाही. प्रत्येक वेळी तपासणाऱ्यांनी ज्या रोगाने मागच्या वेळी मार दिला होता, त्याचीच तपासणी केली.

आता मला नीरेकडे यायचे आहे.

जिवाणू ॲसिटेट खाऊन टाकतात, हे बरोबर. पण ते खाल्ल्यावर मागे काय उरते? सोडियम ॲसिटेटचे ॲसिटेट गेले की सोडियम बायकार्बोनेट उरते, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. पाणी उडून गेले की त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो. आणि ज्या जमिनीत हे दोन सोडे वाढतात तिला बारामती-इंदापूरच्या माणसाने कधी नाव विचारायला जाऊ नये. ती चोपण.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर सरकारने नीरेच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेतले. १८८५ च्या सुमारास पाणी सुटले. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण १८९२ पर्यंत पुरे झाले, पुढे १९२७ साली त्याच्या जागी मोठे लॉइड धरण आले. कालवा वरच्या अंगाने जातो, जमीन नदीकडे उतरती, वर काळी माती आणि खाली मुरूम. सुरुवातीला शेतकरी पाणी घ्यायला नाखूष होते. मग सासवडच्या माळ्यांनी येऊन खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला आणि गुळाची गुऱ्हाळे पेटली. यांच्याच पुढच्या पिढीने १९३० च्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. पण पाणी सुटल्यापासून पंचवीस वर्षांच्या आत नदीकडच्या सखल जमिनी वर पांढऱ्या पडू लागल्या होत्या. पौष-माघाच्या सकाळी अशा शिवारात उभे राहिले तर परदेशी माणसाला हिमतुषार पडल्याचा भास व्हावा. ते हिम नसते, ते मीठ असते.

१९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची पुस्तिका काढली. मान हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. पिंपळे सौदागर गावाची त्यांची पाहणी अभ्यासकांना परिचित आहे, ही पुस्तिका मात्र फारशी कोणी उघडत नाही. बाहेरून कोणी मीठ टाकलेले नव्हते. भूजल वर चढले, मुळांच्या थरापर्यंत आले, उन्हाने उडून गेले आणि विरघळलेले क्षार मागे ठेवून गेले. त्यांतला सोडियम चिकणमातीच्या कणांना जाऊन चिकटतो, कण एकमेकांपासून सुटतात, भिजली की जमीन लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी. पाणी आत जाईना, म्हणून निचरा होईना, म्हणून मीठ धुपेना. न्यू हॅम्पशायरच्या रस्त्याकडेच्या मातीतही पुढे मिठाच्या सोडियमने असेच झाले. तिथे काळी माती नसल्यामुळे ते सावकाश झाले, इतकाच फरक.

पुण्यात १९१६ पासून क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली खास सिंचन विभाग काम करू लागला. पाणथळीचा नुसता चर खणून उपयोग नाही, चर मुरमाच्या पाझरत्या थरापर्यंत पोहोचला तरच पाणी ओढतो, हे या विभागाने कालव्याकालव्यावर मोजून दाखवले. १९३२ साली पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तिथे जे. के. बसू यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या मातीचे प्रकार लावले. हे सगळे कागद एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. दोष शेतकऱ्याच्या अति पाण्याचा की कालव्याच्या पाझराचा, हा वाद मात्र तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. अति पाण्याचा भाग मला मान्य आहे. सरीत पाणी सोडून झोपणारे आपल्यात आहेत. पण अस्तर नसलेल्या शंभर मैलांच्या कालव्याचा पाझर शेतकऱ्याच्या खात्यावर टाकणे म्हणजे म्युनिकच्या धावपट्टीचा चिखल थेनच्या खात्यावर टाकण्यासारखे आहे.

आपल्याकडे चोपण सुधारायला जिप्सम घालतात. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावते, मग निचऱ्याच्या पाण्याने तो धुऊन काढायचा. रस्त्यांसाठी कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट सुचवणाऱ्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या मनात हीच गोष्ट होती. ती जमिनीसाठी योग्य होती. विमानतळाच्या वेळापत्रकात बसली नाही.

नीरेसारखा प्रश्न एका विमानतळाने आधी विचारात घेतला, तो नॉर्वेचा. ऑस्लोचा नवा विमानतळ ८ ऑक्टोबर १९९८ रोजी गार्डरमोएन येथे सुरू झाला. तो हिमयुगात साठलेल्या वाळू-गोट्यांच्या जाड थरावर आहे आणि त्या थराखाली नॉर्वेतला फार मोठा भूजलसाठा आहे. परवान्यातच भूजल बिघडवायचे नाही अशी अट पडली. धावपट्टीकडेची माती हीच गाळणी, तिच्यातले जिवाणू ग्लायकॉल आणि ॲसिटेट खातील, अशी योजना होती. संशोधकांना दिसले ते असे: बर्फ वितळतो तेव्हा काही आठवड्यांत हिवाळ्याचे सगळे रसायन एकदम खाली उतरते, जिवाणू ते खातात खरे, पण मातीतला प्राणवायू संपल्यावर ते मँगनीज आणि लोहाच्या संयुगांतला प्राणवायू काढून घेतात, आणि ती मूलद्रव्ये विरघळून पाण्यात उतरू लागतात. रसायन नाहीसे होते, पाणी तरीही बदलते. किती भार टाकला तर माती पेलते, याचे गणित त्यांना वर्षानुवर्षे मोजून बसवावे लागले. कालवा खणण्याआधी नीरेच्या खोऱ्यात असे मोजमाप कोणी केले असते तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. अर्थात १८८० साली ते शास्त्रच नव्हते.

आता मळीकडे. या भागाचा विमानांशी सर्वांत जुना संबंध आहे तो साखरेच्या मार्गाने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला, ते आजचे वालचंदनगर. याच माणसाने डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. त्या काळी विमानाच्या प्रॉपेलरवर बर्फ धरू नये म्हणून पात्यांच्या बुंध्याशी अल्कोहोल सोडत, पाते फिरले की ते आपोआप टोकापर्यंत पसरे. अल्कोहोल गोठत नाही, उडून जाते आणि धातूला खात नाही. विमानाच्या बर्फावरचे हे सुरुवातीचे रसायन मळीपासून निघणाऱ्या मालाच्या जातकुळीतले आहे.

पुढे अल्कोहोलची जागा ग्लायकॉलने घेतली. ग्लायकॉल जगभर खनिज तेलापासून बनते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उत्तर प्रदेशात, आजच्या उत्तराखंडातल्या काशीपूरला, इंडिया ग्लायकॉल्सने ते मळीच्या अल्कोहोलपासून बनवायला घेतले. अलीकडे अमेरिकेत मक्याच्या साखरेपासून आंबवून काढलेले प्रोपेनडायॉल पोटॅशियम ॲसिटेटमध्ये मिसळून धावपट्टीसाठी वापरतात. त्यामुळे पोटॅशियमचे प्रमाण घटते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो.

सर्वांत विलक्षण नोंद मात्र १९८७ ची आहे. त्या वर्षी अमेरिकेत हंगेरीच्या संशोधकांना एक पेटंट मिळाले: अल्कोहोल गाळून उरणारा टाकाऊ द्रव आटवून बर्फ घालवण्यासाठी वापरायचे. म्हणजे आपण ज्याला स्पेंट वॉश म्हणतो तोच. युरोपात बीटची मळी, आपल्याकडे उसाची. या कल्पनेतून पुढे मिठात मळीचा किंवा मळीसारख्या द्रवाचा अंश मिसळून रस्त्यांवर टाकण्याची पद्धत ब्रिटन-अमेरिकेत रुळली. मीठ रस्त्याला चिकटून राहते, उडत नाही, गंज कमी होतो. धावपट्टीवर मात्र तिला प्रवेश मिळाला नाही. विमानाच्या धातूंवर, ब्रेकवर, रंगावर आणि धावपट्टीच्या पकडीवर होणारे परिणाम तपासणारी मानके कडक आहेत, आणि चिकट, काळपट, दर हंगामाला बदलणारा द्रव त्यांत बसणे अवघड.

आपल्या देशात या सगळ्याची गरज थोड्याच ठिकाणी. श्रीनगरला हिवाळ्यात बर्फ पडला की यंत्रांनी धावपट्टी खरवडून मोकळी करतात आणि तोवर विमाने थांबतात. लेहची हवा इतकी कोरडी की थंडीच्या मानाने बर्फ कमी. तिथल्या कच्च्या धावपट्टीवर २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डाकोटा उतरवले, तेव्हा विमानात बर्फरोधक साधन नव्हते.

बारामती-इंदापूरच्या आसवन्यांमध्ये एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. एकेकाळी तो ओढ्यात जाई आणि मासे मरत. मारण्याचे तंत्र विमानतळाच्या युरियासारखेच, प्राणवायू संपवण्याचे. आता तो बाहेर सोडायला बंदी आहे. आटवून बॉयलरमध्ये जाळावा लागतो. जाळल्यावर राहते ती राख पोटॅशने भरलेली, कारण उसाने जमिनीतून उचललेले पोटॅशियम शेवटी मळीत आणि मळीतून या द्रवात उतरते. खत नियंत्रण आदेशात या राखेला १४.५ टक्के पोटॅशचे खत म्हणून मान्यता आहे, आणि २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने कारखाने व खत कंपन्या यांच्यात टनाला ४,२६३ रुपये असा दर जाहीर केला. आपला देश म्युरेट ऑफ पोटॅश बाहेरून आणतो. धावपट्टीवरच्या ॲसिटेटमधले पोटॅशियमही अखेर असल्याच खाणींतून येते. तिकडे ते वितळलेल्या पाण्याबरोबर गटारात जाते. इकडे उसाच्या राखेतले पुन्हा गोणीत भरून उसालाच घातले जाते, आणि ज्या शेतात निचरा नाही तिथे तेही भूजलाबरोबर वर येऊन पांढऱ्या थरात मिसळते.